जेट लीचा 'द वन' (2001) पाहण्यासारखा आहे का? समीक्षकांनी इतका झोडपलाय, तरी काही प्रेक्षक त्याची एवढी स्तुती का करतात?

पाहा. नक्की पाहा, फक्त कशासाठी पाहायचा ते ठरवून बसा.

स्तुती करणाऱ्या त्या 'काही प्रेक्षकां'मध्ये मी आहे. मी वुशू, म्हणजे चिनी युद्धकला, शिकवते, लहानपणापासून करत आले आहे, आणि या सिनेमाबद्दल तीन वाक्यं वाचली की मला गप्प बसवत नाही. 'स्टोरीच नाही', 'मॅट्रिक्सची कॉपी आहे' आणि 'शेवटच्या फाइटमध्ये कोण कुणाला मारतोय तेच कळत नाही'. समीक्षकांचे काही आक्षेप मलाही मान्य आहेत, ते पुढे सांगते. पण तिसरं वाक्य मला अजिबात मान्य नाही, आणि माझा बराचसा वेळ त्याच्यावरच जाणार आहे.

कथा अशी. एकूण 125 विश्वं आहेत आणि प्रत्येकात तुमचं-माझं एकेक प्रतिरूप राहतं. एक मेलं की त्याची शक्ती उरलेल्यांत वाटली जाते. युलॉ हा या विश्वांमधल्या येण्याजाण्यावर पहारा ठेवणाऱ्या खात्यातलाच माणूस. त्याला हा हिशेब कळतो आणि तो स्वतःच्याच प्रतिरूपांना मारत सुटतो. 123 जण संपवल्यावर उरतो फक्त गेब लॉ, लॉस एंजेलिसच्या शेरीफ खात्यातला साधा पोलीस, बायकोवर जीव असलेला. त्याचीही ताकद वाढत चाललीय, पण का, हे त्याला ठाऊक नाही. दोघंही जेट ली. युलॉच्या मागावर डेलरॉय लिंडो आणि जेसन स्टेथम. दिग्दर्शक जेम्स वाँग, मारामाऱ्या कोरी युएनच्या.

आता मुद्द्याचं. चेहरा एकच असलेली दोन माणसं पडद्यावर वेगळी कशी दाखवायची? सोपा मार्ग म्हणजे एकाला दाढी, एकाला व्रण, एकाचा आवाज घोगरा. जेट लीने दोघांना दोन वेगळ्या चिनी शैली दिल्या. युलॉ शिंगयीच्वान लढतो आणि गेब बाग्वाजांग.

शिंगयी म्हणजे सरळ रेष. पुढचा पाय घुसतो, मागचा लगेच त्याच्यामागे ओढला जातो आणि त्याच क्षणी मूठ पोहोचते. पाच मूळ प्रहार आहेत, फोडणारा, भोसकणारा, चिरडणारा असे, आणि सगळे समोरच्याच्या मधोमध जातात. या शैलीत कुणी बाजूला होऊन वाट बघत नाही. ज्या वाटेने समोरचा येतोय तीच वाट आपण घ्यायची आणि त्याला तिच्यावरून हटवायचं. एकोणिसाव्या शतकातला गुओ युनशन नावाचा उस्ताद म्हणे अर्ध्या पावलातच एका ठोशात भल्याभल्यांना लोळवायचा. दंतकथा असेल, पण शैलीचा स्वभाव त्यातून बरोबर कळतो.

बाग्वा नेमकं उलट. त्यात मूळ सरावच गोल चालण्याचा. वर्तुळावर पावलं टाकायची, पाऊल जमिनीलगत सरकत न्यायचं, कंबर आणि तळवे मात्र सतत मध्याकडे वळलेले. मुठीपेक्षा तळहात जास्त. समोरून जोर आला की त्याच्या वाटेत उभं राहायचं नाही, वळून त्याच्या बगलेत किंवा पाठीशी जायचं. बीजिंगमध्ये ही शैली रुजवणारा डाँग हायच्वान हाही एकोणिसाव्या शतकातलाच.

आता गेब आणि युलॉ कोण आहेत ते आठवा. एकाला वाटतं की जगात आपण एकटेच असावं, बाकी सगळे वाटेतले अडथळे. दुसऱ्याभोवती घर आहे, बायको आहे, सहकारी आहेत. एक सरळ घुसतो, दुसरा कुणाच्या तरी भोवती फिरतो. संवादात हे कुणी बोलून दाखवत नाही, कारण पायांनी ते आधीच सांगून टाकलेलं असतं. याला स्टोरी नाही म्हणायचं असेल तर मग स्टोरी म्हणजे काय, ते तरी सांगावं कुणीतरी.

हे सगळं मी माझ्या आतेभावाला बऱ्याच वर्षांपूर्वी सांगून पाहिलं होतं. दादा माझ्यापेक्षा मोठा, भौतिकशास्त्र शिकलेला, विज्ञानकथांचा मोठा वाचक. सगळे जमले होते तेव्हा हा सिनेमा लावला आणि पहिल्या पंधरा मिनिटांतच त्याने निकाल देऊन टाकला. शक्ती वाटली जाते म्हणजे नक्की काय वाटलं जातं, कुठल्या नियमाने, विश्वांची संख्या 125 वरच का थांबली, एक ना दोन. मी म्हटलं, दादा, ते सोड, मारामारी बघ. त्यावर तो म्हणाला, "मारामारीत बघण्यासारखं काय असतं? हात हलतात, पाय हलतात, शेवटी हिरो जिंकतो. आणि इथे तर दोन्हीकडे एकच माणूस. कोण कोण आहे तेच कळत नाही."

घरात त्याच्या शब्दाला वजन होतं. मी वुशू करते याकडे 'चांगला व्यायाम आहे' एवढ्याच नजरेने बघितलं जायचं. त्याच्या त्या वाक्यात माझ्या इतक्या वर्षांच्या सरावाचाही निकाल लागला होता. हात हलतात, पाय हलतात. मला ते फार लागलं.

शेवटची फाइट आली, कारखान्यातली, ठिणग्या आणि वाफेतली. मी सिनेमा थांबवला. टीव्हीच्या वरच्या अर्ध्या भागावर चादर टाकली, म्हणजे चेहरे झाकले गेले आणि कंबरेखालचं तेवढं दिसत राहिलं. आवाज बंद केला. आणि दादाला नाही, आईला विचारलं की सांग, हा कोण आणि तो कोण.

आईने आयुष्यात कधी एक ठोसा मारलेला नाही. तिला शिंगयी माहीत नाही, बाग्वा माहीत नाही, जेट लीचं नावही तिला त्या दिवशीच कळलं होतं. पहिल्यांदा ती गोंधळली. मी तोच तुकडा पुन्हा लावला. मग ती पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "हा दणादण आत घुसतोय तो मेला दुष्ट. आणि हा वळून वळून जातोय ना, तो बायको गेलेला." मी पुढचा तुकडा लावला, तिने बरोबर सांगितलं. त्याच्या पुढचाही. एका ठिकाणी तर ती म्हणाली, "अगं, हा आता दमलाय, म्हणून सरळ उभा राहतोय. फिरायला लागला की वाचेल." चेहरा झाकलेला होता. गेब मार खात होता आणि थोड्याच वेळात तो खरोखर फिरायला लागला.

दादा म्हणाला, "तू आधी सांगितलं असशील." मी काहीही सांगितलेलं नव्हतं. मग म्हणाला, "हे तुम्हा लोकांनाच कळणार, सामान्य प्रेक्षकाला नाही." आईइतका सामान्य प्रेक्षक मी आणायचा कुठून?

हा वाद आमच्यात आजही मिटलेला नाही. पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगते, त्यातलं खरं कारण मला पुढे क्लास घेताना उमगलं. लोक मारामारी बघताना चेहरा आणि मूठ बघतात. कोण रागावलाय आणि कुणाला लागलं, एवढंच. मजा पायात आणि कंबरेत असते. माझ्याकडे नवीन मुलं येतात त्यांना मी कुठलीही फाइट दाखवताना आधी पावलं बघायला लावते. वजन कुठल्या पायावर आहे, पाऊल टाकण्याआधी कंबर वळली की नंतर, मागे हटताना टाच उचलली की सरकवली. तेवढं जमलं की मुलं मला विचारत नाहीत की हा का जिंकला. हे काही गूढ ज्ञान नाही. तबला ऐकताना बायाकडे कान द्यायला शिकावं, तसं हे.

आता मॅट्रिक्सची कॉपी. गोळ्या चुकवणं, हळू केलेली गती, काळोखे रंग, हे 1999 च्या मॅट्रिक्सनंतर सगळ्याच हॉलिवूड सिनेमांत शिरलं आणि इथेही आहे, ते नाकारत नाही. पण मूळ प्रश्न वेगळे आहेत. तिथे मारामाऱ्या बसवणाऱ्या युएन वू-पिंगने कुंग फू न येणाऱ्या नटांना महिनोन्‌महिने तालीम देऊन लढवय्ये दाखवलं, आणि फार सुंदर दाखवलं. इथे आठव्या वर्षापासून वुशू केलेला, बीजिंगच्या संघातून पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला माणूस आपल्या शरीराने दोन स्वभाव उभे करतोय. तिकडे नटाला लढवय्या व्हायचं होतं, इकडे लढवय्याला नट. दुसरी गोष्ट कमी अवघड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी शिंगयीचे पाच प्रहार मारून लगेच पुढच्या क्षणी बाग्वाचं वर्तुळ चालून दाखवावं. शरीराला एक सवय लागली की दुसरी आत येऊ देत नाही. माझे चांगले विद्यार्थीसुद्धा तिथे अडखळतात.

आणि याच जेट लीने मॅट्रिक्सच्या पुढच्या भागांतली भूमिका नाकारली होती. त्याने नंतर सांगितलेलं कारण असं की त्याच्या हालचाली नोंदवून संगणकात साठवायच्या होत्या आणि त्यावर हक्क दुसऱ्यांचा राहणार होता. जन्मभर कमावलेल्या हालचाली अशा देऊन टाकायला तो तयार नव्हता. 'हात हलतात, पाय हलतात' म्हणणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. ज्या माणसाचे हात हलतात त्याला त्यांची किंमत माहीत असते.

बरं, आता वाईट काय ते. विज्ञान तकलादू आहे, यात दादा बरोबर आहे आणि मी त्याच्याशी त्यावर कधीच भांडले नाही. विश्वांमधून जायची वाट उघडते आणि बंद होते ती कथेच्या सोयीने. पहिल्या अर्ध्या भागात संगणकाची करामत इतकी पसरलीय की युलॉ दोन हातांत दोन मोटारसायकली उचलून पोलिसाला मध्ये चिरडतो तेव्हा ताकद दिसते, लढाई दिसत नाही. नटांना तारांना बांधून उडवणं काही ठिकाणी चक्क खोटं वाटतं. रॉक गाणी इतकी मोठ्याने येतात की पावलांचा आवाज ऐकूच येत नाही, आणि शिंगयीत पावलाचा आवाज हा अर्धा ठोसा असतो, म्हणून मला त्याचा जास्त राग. गेबची बायको झालेल्या कार्ला गुगिनोसारख्या चांगल्या नटीला मरण्यापलीकडे फार काही दिलेलं नाही. स्टेथमला तर जवळजवळ लढूच दिलं नाही. पुढच्याच वर्षी कोरी युएनने 'द ट्रान्सपोर्टर'मध्ये त्याच स्टेथमकडून काय करून घेतलं ते बघितलं की इथली उणीव आणखी बोचते. संकलकाने शेवटच्या फाइटमध्येही दोन-तीन ठिकाणी नेमकं पाऊल पडताना कट मारलाय. तिथे कॅमेरा थांबला असता तर कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नसतं.

हेही कबूल करायला हवं की जेट लीचं सर्वोत्तम काम हे नाही. ते बघायचं तर 1994 चा 'फिस्ट ऑफ लेजेंड' बघा, तिथे तारा कमी आणि माणूस जास्त आहे. शक्यतो तो आधी बघा आणि मग 'द वन'. त्याची स्वतःची नैसर्गिक हालचाल डोळ्यांत बसलेली असली की इथे तो ती मुद्दाम दोन बाजूंना कशी मोडतो ते लगेच दिसतं.

शेवट आधीच ऐकायचा नसेल तर हा परिच्छेद सोडा. युलॉला शेवटी कैद्यांच्या विश्वात टाकतात आणि तिथे तो पिरॅमिडच्या माथ्यावर उभा राहून खालून चढून येणाऱ्या शेकडो जणांशी एकटा लढत राहतो. गेबला मात्र अशा जगात पाठवतात जिथे त्याच्या बायकोचा चेहरा त्याला पुन्हा भेटतो. अनेक समीक्षकांना पिरॅमिडचं दृश्य पोरकट वाटलं. मला ते दोन्ही शैलींचा सरळ निकाल वाटतो. रेषेत जाणाऱ्याला जायला आता फक्त वर-खाली उरलंय, आणि फिरणारा फिरून घरी आला.

बहुविश्व आणि मारामारी हे मिश्रण चालत नाही असं 2001 मध्ये सांगणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की 2022 च्या 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स'ने त्याच मिश्रणावर सात ऑस्कर नेले. 'द वन' त्या तोडीचा आहे असं मी म्हणत नाही. पण कल्पनेला हसणाऱ्यांनी तेव्हा घाई केली होती.

तर तुमच्यासाठी: 87 मिनिटांचाच आहे, सलग बघा, फोन बाजूला ठेवून. मूळ आवाजातच बघा, डब नको. पहिला अर्धा भाग सहन करा. कारखान्यातली फाइट सुरू झाली की आवाज बंद करून एकदा फक्त पाय बघा आणि मग आवाज लावून पुन्हा बघा. त्यानंतरही दोघांत फरक दिसला नाही तर खाली लिहा, मी तुमच्याशीही वाद घालायला तयार आहे.