कॉमिक कॉनमध्ये जुन्या कॉमिक्सचं टेबल पहिल्यांदाच लावायचंय, तयारी काय करावी?

घरातले दोनेकशे इंद्रजाल आणि अमर चित्रकथा घेऊन मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये बसायचं, असं तुम्ही लिहिलंय. बॅनर आणि दिवे नंतर बघा. आधी अंक तपासायला घ्या, कारण नवख्याचं नाव खराब होतं ते न मोजलेल्या पानांमुळे.

प्रत्येक अंक सपाट ठेवून पानं मोजा. मधलं जोडपान पिनांतून सुटून हरवलेलं असतं आणि मुखपृष्ठ छान असल्यामुळे ते लक्षातच येत नाही. कापलेलं कूपन, भरलेलं कोडं, वाचनालयाचा शिक्का, पिनांचा गंज हे सगळं टिपून ठेवा. कधीकाळी बाइंडिंग केलेल्या अंकाला दोऱ्याची भोकं असतात आणि कडा छाटलेल्या असतात. चांगल्या अंकावर ठेवला की तो आखूड दिसतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि तो डाग जात नाही. सापडलेला दोष किमतीच्या चिठ्ठीवर सरळ लिहा: ‘मधलं पान नाही’. संग्राहक अशा विक्रेत्याकडे परत येतो. चिठ्ठी पिशवीवर लावायची, अंकावर कधीच नाही.

पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. पीव्हीसीची पिशवी काही वर्षांत चिकट होते आणि मुखपृष्ठाची शाई ओढून घेते. तयार पिशव्या बहुधा अमेरिकी मापाच्या मिळतात, म्हणून आपला अंक मोजूनच मागवा. मागे आम्लमुक्त पुठ्ठा हवा. गिऱ्हाईक अंक बाहेर काढून बघणारच, तेव्हा पिशवीच्या तोंडावरची टेप आधी पूर्ण काढून घ्या. अर्धवट सुटलेली टेप मुखपृष्ठाला चिकटून रंगासकट निघते.

किमतीबद्दल थोडं. इंद्रजाल १९६४ ते १९९० या काळात निघालं. सुरुवातीच्या वर्षांतल्या वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या अंकांना वेगळी मागणी असते. पुढे सलग क्रमांक बंद होऊन खंड आणि अंक अशी पद्धत आली, म्हणून लावताना दोन्ही गट वेगळे ठेवा. मराठी अंक इंग्रजीत मिसळू नका, ते शोधणारा माणूस वेगळा असतो. अमर चित्रकथेच्या एकाच कथेच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्यात. मुखपृष्ठावरची छापील किंमत बघितली की छपाई जुनी की नंतरची याचा अंदाज येतो. नंतरच्या छपाईला जुन्याचा भाव लावाल तर जाणकार टेबलाशी थांबणार नाही.

टेबलावर अंक पसरू नका. खोक्यात उभे लावा, बोटांनी चाळता येतील इतके सैल. गच्च भरले की काढताना कोपरे मुडपतात. खोकं कमरेच्या उंचीवर ठेवा, जमिनीवरच्या खोक्यापाशी वाकायला फार थोडे तयार होतात. महागडे दहा-बारा अंक मागे, तुमच्या हाताशी. एक खोकं सरसकट ५० रुपयांचं ठेवा. मुलं तिथे थांबतात आणि आईवडील मागची खोकी बघू लागतात.

गर्दीत मोबाइलला रेंज मिळत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, क्यूआर कोड छापून न्या आणि पैसे आले का ते स्वतःच्या फोनवरच बघा, गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर नाही. १० ते १०० च्या सुट्ट्या नोटा वेगळ्या पाकिटात असू द्या. घासाघीस होईलच, पहिल्या सकाळी भाव पाडू नका, शेवटच्या दुपारी पाच-सहा अंकांचा गठ्ठा करून सूट द्या.

रात्री टेबलावर चादर टाका आणि महागडे अंक सोबत घरी न्या.