घरी झकास वाजणारा टोन बँडमध्ये गायब का होतो? आता कोणतं पेडल घेऊ?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतंय: हंबकरवाली (दोन कॉइलच्या पिकअपची) गिटार, इफेक्ट्स लूप (ॲम्पच्या आत मधल्या टप्प्यात पेडल जोडायची सोय) असलेला ट्यूब ॲम्प आणि ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस, डिले, रिव्हर्ब अशी पाच पेडलं. खोलीत एकट्याने वाजवता तेव्हा आवाज भरदार येतो. बँडबरोबर मात्र पहिल्याच गाण्यात तो कुठे विरतो कळत नाही, आणि सोलोला बूस्ट म्हणून ओव्हरड्राइव्ह दाबला तरी फरक पडत नाही. तर आता सहावं पेडल कोणतं?

सध्या एकही नको. तुमच्या सामानात खोट नाही, सेटिंग खोलीसाठी लावलेलं आहे आणि तुम्ही ते उचलून तसंच तालमीला नेताय.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः हेच केलंय. आमच्या दुसऱ्या की तिसऱ्या तालमीत मी जीव तोडून सोलो वाजवला आणि गाणं संपल्यावर बेसवाला म्हणाला, "तुझी वायर निघाली होती का रे?" वायर जागेवर होती. ॲम्पवर बेस (खालचा आवाज) पूर्ण, ट्रेबल (वरचा) पूर्ण, मिड (मधला) जवळजवळ शून्यावर आणि डिस्टॉर्शनचा गेन (आवाज किती फाडायचा ते) शेवटाला टेकलेला. घरी हाच आवाज डोंगर कोसळल्यासारखा वाटायचा.

यात अर्धा दोष कानाचा आहे. कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्जाकडचं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवलं. त्यामुळे रात्री हळू आवाजात वाजवताना आपण नकळत बेस आणि ट्रेबल चढवत जातो. तोच ॲम्प ड्रमच्या शेजारी ठेवून मोठा केला की कान ती उणीव स्वतःच भरून काढतो. वर आपण चढवलेलं असतंच. खाली घुमायला लागतं, वर टोचायला लागतं, आणि मध्ये खड्डा.

दुसरा अर्धा भाग जागेच्या भांडणाचा. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बेस गिटारची ४१ ला. किक ड्रमचा धक्का साधारण ६० ते १०० च्या आसपास असतो. म्हणजे ॲम्पवरचा बेस वाढवून तुम्ही जे काही मिळवता, ते त्या दोघांच्या अंगणात जाऊन पडतं आणि तिथे ते दोघे तुम्हाला उभंही राहू देत नाहीत. वरच्या टोकाला झांजा सगळं व्यापून असतात. गिटारला हक्काची जागा उरते ती मधली, ढोबळमानाने ४०० हर्ट्झपासून अडीच-तीन हजारांपर्यंतची. मिड काढून टाकणं म्हणजे आपली खुर्ची आपणच उचलून दुसऱ्याला देणं.

आणखी एक गैरसमज: सगळे नॉब घड्याळातल्या बारावर, म्हणजे मधोमध, ठेवले की आवाज सपाट होतो. फेंडर कंपनीच्या घराण्यातल्या ॲम्पमध्ये तसं अजिबात नाही. त्यांच्या टोन सर्किटची रचनाच अशी आहे की सगळं मधोमध ठेवलं तरी मिडमध्ये खळगा राहतो. सपाटीच्या जवळ जायचं तर मिड पूर्ण वर आणि बेस-ट्रेबल बरेच खाली आणावे लागतात. ॲम्पवरचे आकडे बघून नॉब लावू नका.

पुढच्या तालमीला पंधरा मिनिटं आधी या आणि बेसवाल्याला व ड्रमरला एकच साधा ठेका धरायला सांगा. तुम्ही ॲम्पपासून दोन-तीन मीटर लांब उभे राहा. ॲम्प जमिनीवर असतो आणि आपण त्याला गुडघ्यांनी ऐकतो, पुढच्या माणसाच्या कानावर मात्र तो भाल्यासारखा येतो. जमलं तर तो खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा. मग बेस इतका खाली आणा की बेस गिटार स्पष्ट ऐकू यायला लागेल. मिड हळूहळू वर न्या. एका जागी तुम्हाला अचानक स्वतःचा हात ऐकू येईल, तिथे थांबा. आता बाकीच्यांना थांबवून एकट्याने वाजवून बघा. आवाज नाकात बोलल्यासारखा, डबड्यातून आल्यासारखा वाटेल. तसाच राहू द्या.

आता गेन. डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचे शेंडे छाटणं. जितकं जास्त छाटाल तितका हळू आणि जोरात यांतला फरक मिटतो, पिकचा टोला बोथट होतो आणि सगळं एकाच उंचीची भिंत बनतं. भिंत एकट्याला भव्य वाटते, बँडमध्ये ती मागे जाऊन उभी राहते. किती गेन पुरे, हे ठरवायला मी उघड्या तारांचा जी मेजर वाजवतो आणि त्यातला तिसरा स्वर, म्हणजे गंधार, शोधतो. गेन जास्त असेल तर तो स्वर सापडतच नाही, त्याच्या जागी एक घरघर ऐकू येते. स्वर एकमेकांत मिसळून नवेच बेसूर स्वर तयार करतात ते हे (पॉवर कॉर्डमधून, म्हणजे फक्त षड्ज-पंचमाच्या कॉर्डमधून, गंधार वगळण्याची प्रथा उगाच नाही). गंधार ओळखू येईपर्यंत गेन कमी करत जा. तुमचा नॉब बहुधा दहा-अकराच्या काट्यावर येऊन थांबेल आणि तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल. रेकॉर्डवर जे अजस्र वाटतं त्यात पुष्कळदा एकच भाग दोन-तीनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवलेला असतो, तेवढा गेन लावलेला नसतो.

तुमच्या सोलोचं गूढ इथेच आहे. तुमचा ओव्हरड्राइव्ह डिस्टॉर्शनच्या आधी आहे. तो दाबला की डिस्टॉर्शनमध्ये जाणारा सिग्नल मोठा होतो. पण डिस्टॉर्शनने छत आधीच ठरवलेलं आहे, त्यामुळे जास्तीचं सगळं छाटलं जातं. पदरात पडतो तो जास्त गेन, जास्त सस्टेन आणि थोडी गुरगुर. आवाज आहे तिथेच. तोच ओव्हरड्राइव्ह डिस्टॉर्शनच्या नंतर लावा, ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल वर. आता दाबलात की आवाज खरंच पुढे येतो. दोन गेनची पेडलं एकामागे एक असली की शेवटच्या पेडलचा स्वभाव आणि लेव्हल चालते, ही गोष्ट मला कळायला दोन वर्षं लागली. एक अट मात्र आहे: ॲम्प स्वतःच डिस्टॉर्ट होत असेल तर तिथेही तीच कथा होते, कारण तिथे छत ॲम्पचं. मग बूस्ट ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये टाकावा लागतो.

याचा अर्थ ओव्हरड्राइव्ह आधी लावणं चूक, असा नाही. ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलची कीर्ती त्याच्यावरच उभी आहे. ते पेडल खालचा भाग कापतं आणि ७२० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा देतं, म्हणजे नेमकी आपली मधली जागा. मिडमध्ये खळगा असलेल्या मोठ्या फेंडर ॲम्पसमोर ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन ते वाजवायचा आणि खळगा भरून निघायचा. हाय गेन ॲम्पच्या पुढे ड्राइव्ह कमी आणि लेव्हल जास्त ठेवून लावलं तर खालचा गाळ निघून जातो आणि रिफ आवळून येतो. उलट बिग मफसारख्या फझमध्ये (आवाज फार फाडणाऱ्या पेडलमध्ये) मिडची दरी मुळातच आहे. एकट्याने वाजवताना स्वर्ग, बँडमध्ये धुकं. मला मफ आवडतो, पण त्याच्या मागे मिड भरणारं काहीतरी हवंच.

बाकीच्या क्रमाबद्दल फार डोकं शिणवू नका. वाह (पायाने खालीवर हलवायचं पेडल) असेल तर सुरुवातीला, मग गेनची पेडलं, मग कोरस, डिले आणि शेवटी रिव्हर्ब. कारण सोपं आहे. डिले आधी लावून डिस्टॉर्शन नंतर लावलं तर प्रतिध्वनीही छाटले जातात, विरत जाण्याऐवजी मूळ सुराइतकेच मोठे होऊन अंगावर येतात आणि चिखल होतो. त्याच कारणाने डिस्टॉर्शन ॲम्पचं वापरत असाल तर डिले आणि रिव्हर्ब लूपमध्ये. कोणाला तो चिखलच हवा असतो, त्यांनी खुशाल उलटं लावावं. पुढेमागे जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा जुन्या पद्धतीचा फझ घेतलात तर तेवढा मात्र थेट गिटारला जोडा. मध्ये बफर (सिग्नलला बळ देणारं सर्किट) आला की तो किरकिरा होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करण्याची त्याची खरी गंमत जाते.

डिलेची वेळ कानाने लावत असाल तर एकदा हिशोबाने लावून बघा. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटातल्या ठोक्यांनी) भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० चं गाणं असेल तर ५००. त्याच्या पाऊणपट, ३७५, ठेवलं की यू२ बँडच्या गिटारवादक द एजच्या वादनातली ती धावती जाळी तयार होते. रिव्हर्ब घरी लावता त्याच्या निम्मा करा. तालमीच्या खोलीचा स्वतःचा रिव्हर्ब असतोच.

गुणगुण आणि खरखर यांबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिलीय. पाचही पेडलं एकाच ॲडॉप्टरच्या फाट्यावर असतील आणि त्यांत एखादं डिजिटल असेल, तर आधी ते डिजिटल पेडल वेगळ्या सप्लायवर टाकून बघा. बहुतेक वेळा किणकिण आवाज तिथून येतो. व्होल्टेज आणि पोलॅरिटी दोन्ही पेडलवर छापलेली असतात, ती वाचल्याशिवाय काही खुपसू नका. सप्लायचे मिलिॲम्प पेडलच्या गरजेपेक्षा जास्त असले तर चालतात, कमी असून चालत नाहीत. आणि वायरी. केबलच्या दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपपुढे लांबलचक केबल आणि सगळी ट्रू बायपास पेडलं (बंद असताना सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणारी) असली की वरची चमक मरते. गिटार एका छोट्या केबलने थेट ॲम्पला लावा, मग बोर्डामार्फत लावा. फरक जाणवला तर सुरुवातीला एक बफर हवा, आणि तो कदाचित तुमच्याकडे आहेच, कारण बॉसची बहुतेक पेडलं बंद असतानाही बफरचं काम करतात. मी एकदा खरखरणारा कोरस वैतागून विकून टाकला होता. नव्या कोरसमधूनही तीच खरखर आली. दोष बोटभर लांबीच्या पॅच केबलचा निघाला. त्यामुळे काही विकण्याआधी एकेक पॅच केबल हलवून बघा.

एवढं सगळं करूनही हात शिवशिवत असतील, तर सात पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू (आवाजाची एकेक पट्टी वरखाली करणारं पेडल) घ्या, बॉस जीई-७ सारखा. तो डिस्टॉर्शनच्या नंतर लावा, ८०० हर्ट्झची पट्टी चार-पाच डेसिबल वर, १०० ची थोडी खाली, लेव्हल किंचित वर, आणि फक्त सोलोला दाबा. मग ड्रमरला विचारा ऐकू आलं का. आमचा ड्रमर त्या दिवशी म्हणाला, "जरा कमी कर."