रॉबर्ट पिरेस खरंच मोठा होता, की झिदान-ऑन्रीच्या पुण्याईवर तरला?

2014 मध्ये एफसी गोवाकडून खेळलेल्या फ्रेंच मिडफिल्डर पिरेसबद्दल, झिदान आणि ऑन्री या त्याच्या फ्रान्स संघातल्या सहकाऱ्यांचं नाव घेऊन, तुम्ही हे विचारलंय. मी त्याला फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये पाहिलंय, पण त्यावरून काही ठरवू नका. ब्राझीलचा दिग्गज झिको गोव्याचा प्रशिक्षक होता, म्हणून आम्ही सावंतवाडीहून मुद्दाम गेलो होतो. पिरेस तेव्हा एकेचाळिशीला टेकलेला. पळणं संपलं होतं, पायाला चेंडू चिकटणं मात्र शाबूत होतं.

त्याचं खरं मोल इंग्लंडच्या आर्सेनल क्लबच्या डाव्या बाजूला कळतं. तो उजव्या पायाचा, तरी खेळायचा डावीकडे. चेंडू घेऊन आत वळला की बचावपटू त्याच्यामागे ओढला जायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत मागून आर्सेनलचा डावा बचावपटू अ‍ॅशली कोल धावत यायचा. ऑन्रीलाही डावीकडेच सरकायची सवय. तिघं एका पट्ट्यात येऊनही गर्दी होत नसे, कारण कधी थांबायचं हे पिरेसला कळायचं. 2003-04 मध्ये आर्सेनल 38 सामन्यांत अपराजित राहिलं, त्यात लीगमधले 14 गोल या मिडफिल्डरचे होते. पुण्याईवर तरणारा माणूस एवढे गोल करत नाही.

झिदानचं म्हणाल, तर 1998 च्या वर्ल्डकपमध्ये फ्रान्सच्या पॅराग्वेविरुद्धच्या सामन्यात तो निलंबित होता. जादा वेळेत पिरेसने क्रॉस टाकला, त्रेझेगेने डोक्याने चेंडू खाली दिला आणि ब्लांने गोल्डन गोल (जादा वेळेत पडताच सामना संपवणारा गोल) मारला. 2000 च्या युरो फायनलमध्ये इटलीविरुद्ध पुन्हा तेच. बदली म्हणून आलेला पिरेस डावीकडून घुसला, मागे पास दिला आणि त्रेझेगेने सामना संपवला. दोन्ही गोल्डन गोलांची सुरुवात त्याच्याच पायातून झाली, पण फोटोत तो कुठे असतो?

मेस, मार्सेय, नंतर व्हियारेआल, अ‍ॅस्टन व्हिला हे सगळं आहेच, पण माझ्या मते त्याचं शिखर 2001-02. इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला निवडलं. मार्चमध्ये न्यूकॅसलविरुद्ध गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि वर्ल्डकप हुकला. फ्रान्स तिथे एकही गोल न करता घरी परतला. (झिदानही जायबंदी होता, हे मान्य.)

आर्सेनलमधला त्याचा शेवट तर फार जिव्हारी लागणारा. 2006 ची चॅम्पियन्स लीग फायनल, तीही पॅरिसमध्ये. अठराव्या मिनिटाला गोलकीपर लेमानला लाल कार्ड मिळालं. दुसरा गोलकीपर आत आणायचा तर कुणाला तरी बाहेर काढायलाच हवं होतं. प्रशिक्षक वेंगरने पिरेसला काढलं. आर्सेनलसाठी तो पुन्हा खेळला नाही.

गोव्यातले व्हिडिओ नंतर बघा. आधी 17 मार्च 2002 चा अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्धचा गोल शोधा: चेंडू आधी बोटेंगच्या डोक्यावरून आणि मग पुढे आलेल्या गोलकीपर श्मायकेलच्याही डोक्यावरून. गुडघा गेला तो त्याच आठवड्यात.