स्कॉटलंडचे ग्रीन: कनिष्ठ, धाकटे की नुसते मित्रपक्ष?

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्कॉटलंडच्या राजकारणावरचा एक लेख मराठीत करताना प्रश्नकर्तीची गाडी दोन ठिकाणी अडलीय. एक म्हणजे सरकारातल्या लहान पक्षाला, म्हणजे तिथल्या ग्रीन पार्टीला, ‘कनिष्ठ आघाडी पक्ष’ म्हणायचं का ‘युतीतला धाकटा पक्ष’. आणि दुसरं, त्या पक्षाच्या मंत्र्यांवर टीका करताना तिकडे कुत्रा आणि शेपटाचा जो वाक्प्रचार सारखा वापरतात, म्हणजे मोठा पक्ष कुत्रा, लहान पक्ष शेपूट आणि शेपूटच कुत्र्याला हलवतंय, तो जसाच्या तसा मराठीत चालेल का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे: नाही चालणार. मराठीत शेपूट हलवणे म्हणजे हांजी हांजी करणे, साहेबांच्या मागे-पुढे करणे. ‘ग्रीनचं शेपूट हलतंय’ असं काही वाक्यात आलं की आपला वाचक धरून चालणार की हे बिचारे मोठ्या पक्षाची मर्जी सांभाळतायत. मूळ आरोप बरोबर उलटा आहे, की चारदोन आमदारांच्या जोरावर हे लोक अख्खं सरकार आपल्याला पाहिजे तसं फिरवतात. आणि गंमत (म्हणजे अनुवाद करणाऱ्याची अडचण) अशी की स्कॉटलंडमधे लहान पक्षांवर हे दोन्ही आरोप झालेत, वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या पक्षांवर. त्यामुळे चुकीचं क्रियापद टाकलं तरी वाक्य कुठे खटकणार नाही, वाचणारा मान हलवून पुढे जाईल आणि भलतंच समजून बसेल. म्हणून शब्द ठरवायच्या आधी कोण कोणाला ओढत होतं हे बघावं लागतं.

तर ग्रीनवाल्यांचं बघू. मे 2021 च्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला, म्हणजे एसएनपीला, 129 पैकी 64 जागा मिळाल्या, बहुमत एका जागेने हुकलं. ग्रीनचे 8 आले, त्यातल्या अ‍ॅलिसन जॉनस्टन सभापती झाल्या म्हणजे मतापुरते 7. ऑगस्टमधे दोन्ही पक्षांनी करार केला, फर्स्ट मिनिस्टरच्या, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्र्याच्या, सरकारी बंगल्याच्या नावावरून त्याला ब्यूट हाउस करार म्हणतात, आणि पॅट्रिक हार्वी आणि लॉर्ना स्लेटर हे ग्रीनचे दोन सहनेते मंत्री झाले. ब्रिटनमधे कुठल्याही सरकारात ग्रीन मंत्री होण्याची ही पहिलीच वेळ. हार्वींकडे घरं, भाडेकरू, सायकल-पायी वाहतूक वगैरे आणि स्लेटरबाईंकडे कचरा, पुनर्वापर, जैवविविधता.

आता टीका. विरोधक करणारच, कन्झर्व्हेटिव्हवाले तर पहिल्या दिवसापासून ‘अतिरेकी’, ‘विकासाचे वैरी’ म्हणत होते, त्याचं काही नवल नाही. पण खरी धारदार टीका एसएनपीच्या घरातनंच आली. फर्गस यूइंग हे तेव्हा 1999 पासूनचे आमदार, स्वतः मंत्री राहिलेले, उत्तरेच्या डोंगराळ हायलँड्समधले. 2023 मधे समुद्राच्या काही पट्ट्यात मासेमारी पूर्ण बंद करायचा प्रस्ताव होता, त्याच्या चर्चेत या माणसाने सभागृहात तो सरकारी कागद टराटरा फाडला, वर म्हणाले की हा सल्लामसलतीचा कागद नाहीच, फाशीचा हुकूम आहे. किनाऱ्यावरच्या गावांमधे तसाही संताप होताच, जूनमधे सरकारने प्रस्ताव सोडून दिला. हेच यूइंग ग्रीनवाल्यांना ‘वाइन बारमधले क्रांतिकारक’ म्हणायचे, आणि स्लेटरबाईंवर अविश्वास ठराव आला तेव्हा आपल्याच सरकारच्या विरोधात मत देऊन मोकळे झाले, ज्याबद्दल पक्षाने त्यांना नंतर आठवडाभर निलंबित केलं.

(जाता जाता: ‘वाइन बार’ पण मराठीत तसाच ठेवू नका. तिकडे त्याचा अर्थ शहरातल्या सुखवस्तू, शिकलेल्या लोकांचा अड्डा. आपल्याकडे वाइन शॉपमधे देशी सोडून सगळं मिळतं आणि बार म्हटलं की परमिट रूम, मंद लाइट आणि चकली-शेंगदाणे डोळ्यापुढे येतात, तिथल्या गिऱ्हाइकाला कोणी पुस्तकी म्हणणार नाही. मी ‘दिवाणखान्यातले क्रांतिकारक’ करेन.)

या सगळ्या टीकेला मराठीत नेमकं क्रियापद आहे: वेठीला धरणे. ‘सात आमदारांनी सरकार वेठीला धरलंय.’ वेठ म्हणजे फुकट, जबरदस्तीची मजुरी, संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला शब्द, वेठबिगारीत अजून जिवंत आहे. म्हणजे मुळात वेठीला धरणारा हा बलवान आणि धरला जाणारा दुबळा, पाटलाने कुणब्याला धरावं तसं, पण आजच्या वापरात ते उलटं पण चालतं, मूठभर लोकांनी गावाला वेठीला धरलं असं आपण सर्रास म्हणतो. शेपूट-कुत्र्याचा सगळा आशय त्यात येतो, प्राणी मधे आणायची गरजच नाही.

पण थांबा, एवढ्यावर काम भागत नाही, कारण टीका काय झाली आणि खरं काय होतं यात फरक आहे आणि लेखात तो दिसायला हवा. सगळ्यात जास्त शिव्या स्लेटरबाईंनी कशासाठी खाल्ल्या तर बाटल्यांच्या डिपॉझिट योजनेसाठी. प्रत्येक बाटलीवर, कॅनवर 20 पेन्स डिपॉझिट, रिकामी परत दिली की पैसे परत. छोटे दारू-उत्पादक, दुकानदार सगळे चिडलेले, तारखा पुढे पुढे चाललेल्या, शेवटी लंडनच्या सरकारने इंटर्नल मार्केट (देशांतर्गत बाजार) कायद्याखाली काचेच्या बाटल्या वगळा अशी अट घातली आणि जून 2023 मधे योजना 2025 च्या ऑक्टोबरपर्यंत ढकलली गेली, ती चालवायला उभी केलेली कंपनी बसली. पेपरांनी सगळं बाईंच्या नावावर लावलं. आता बघा, या योजनेचे नियम पार्लमेंटने मंजूर केले होते 2020 मधे, तेव्हा ग्रीनचा एकही मंत्री नव्हता, ते काम एसएनपीच्या सरकारचं. बाईंनी अंमलबजावणी चांगली केली असं माझं म्हणणं नाही, उद्योगवाल्यांशी बोलण्यात त्या कमी पडल्या असं मलाही वाटतं. पण इथे शब्द वेठीला धरण्याचा नाही, इथे ‘खापर फोडणे’ हवं. लहान पक्षाचा मोठ्या पक्षाला हा एक फायदा असतोच, खापर फोडायला हाताशी डोकं मिळतं.

आता उलट्या बाजूचा आरोप, ज्याला फरफट म्हणतात. त्यासाठी लिबरल डेमोक्रॅट्स, म्हणजे लिबडेम, बघायला लागतील. 1999 मधे स्कॉटिश पार्लमेंट सुरू झालं तेव्हा पहिलं सरकार लेबर आणि लिबडेमचं, 56 अधिक 17, जिम वॉलेस उपमुख्यमंत्री म्हणू या आपण. प्रचारात लिबडेमनी कॉलेजची फी काढून टाकू म्हणून सांगितलेलं, लेबरला ते नको होतं, मग अँड्र्यू क्यूबींची कमिटी बसली आणि तडजोड निघाली: आधी भरायची फी गेली, पण पदवी झाल्यावर 2,000 पौंड द्यायचे. लगेच ओरड झाली की मागच्या दाराने फी आणली. माझ्या मते त्या मानाने वॉलेस यांनी बरंच पदरात पाडून घेतलं होतं, पुढच्या टर्ममधे नगरपालिकांसाठी पसंतीक्रमाची मतदानपद्धतही लेबरच्या गळी उतरवली, जी 2007 पासून लागू झाली.

खरी फरफट झाली ती 2010 नंतर, आणि ती एडिनबरामधे नाही, लंडनमधे. लिबडेमचे नेते निक क्लेग यांनी कन्झर्व्हेटिव्हबरोबर सरकार केलं, त्यात स्कॉटलंडमधले लिबडेम खासदार मोठ्या पदांवर, डॅनी अलेक्झांडर तर थेट खजिन्यात, अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्नच्या खालोखाल, म्हणजे खर्चाला कात्री लावायचं काम ह्याच्याच सहीने. स्कॉटलंडमधे टोरींबद्दल, म्हणजे कन्झर्व्हेटिव्हवाल्यांबद्दल, थॅचरबाईंच्या काळापासून किती चीड आहे ते वेगळं सांगायला नको. डिसेंबर 2010 मधे इंग्लंडमधली फीची मर्यादा 9,000 पौंड झाली, स्कॉटलंडच्या पोरांना स्कॉटलंडमधे ती लागूच नव्हती, तरी मे 2011 ला तिथले लिबडेम आमदार 16 वरून 5 वर आले. आणि 2015 मधे खासदार 11 वरून 1. लिबडेमचे माजी नेते चार्ल्स केनेडी यांनी तर त्या सरकारात जायच्या बाजूने मतच दिलं नव्हतं, तरी निवडणुकीत ते पण पडले. इथे ‘वेठीला धरणे’ लिहिलंत तर हसं होईल, इथे फरफटत जाणे, दावणीला बांधून घेणे, असंच यायला हवं. ‘टोरींच्या दावणीला बांधलेला पक्ष’ हे वाक्य ग्लासगोच्या माणसाला मराठी येत असतं तर त्याने टाळी दिली असती.

काही टीकेला मात्र अशी दिशा वगैरे काही नसते, ती नुसतीच खालच्या पातळीवरची असते. ऑक्टोबर 2010 मधे ओबानला लेबरच्या अधिवेशनात पक्षाच्या उपनेत्या हॅरिएट हारमन यांनी अलेक्झांडरना त्यांच्या केसांच्या रंगावरून तांबडा उंदीर म्हटलं. नंतर माफी मागितली. अलेक्झांडरचं उत्तर असं की मला माझ्या केसांचा अभिमान आहे आणि उंदीर दुसऱ्यांनी केलेली घाण साफ करायचं उपयोगी काम करतात. इथे फक्त एवढंच सांभाळा की मूळ शब्द (जिंजर) आल्यावरून आलेला असला तरी ‘आल्यासारखा उंदीर’ करू नका, मराठीत आलं म्हटलं की चहा आठवतो, केस नाही.

आता पहिला प्रश्न, नामाचा. ‘कनिष्ठ’ मी टाळेन. हा शब्द दोन जोड्यांमधे फिरतो, ज्येष्ठ-कनिष्ठ मधे तो वयाचा आहे पण श्रेष्ठ-कनिष्ठ मधे दर्जाचा, आणि कनिष्ठ लिपिक, कनिष्ठ न्यायालय यांमुळे तर तो हुकूम ऐकणाराच झालाय. ‘कनिष्ठ पक्षाने सरकार वेठीला धरलं’ हे वाक्य कानाला तिरकं लागतं ते त्यामुळे. ‘धाकटा’ गोड आहे पण महाराष्ट्रात मोठा भाऊ कोण आणि धाकटा कोण यावर शिवसेना-भाजपचं इतकी वर्षं चाललं की वाचक लगेच मातोश्रीवर पोचतो. ‘मित्रपक्ष’ सरळ आहे, आणि आकार सांगायचाच असेल तर ‘लहान मित्रपक्ष’ म्हणा. मैत्री किती होती हा प्रश्न वेगळा, पण तो आपल्या मित्रपक्षांनाही विचारता येईल.

युती का आघाडी? काहीजण नियम सांगतात की निवडणुकीआधी जमलं तर युती, नंतर जमलं तर आघाडी. 1995 च्या युतीला आणि 1999 च्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीला तो लागू पडतो पण 2004 ला तेच दोघं एकत्र लढले तरी आघाडीच राहिली, म्हणजे नियम कामाचा नाही. खरं तर हे दोन्ही शब्द आपल्याकडे जवळपास विशेषनाम झालेत, युती म्हणजे सेना-भाजपच्या बाजूचं, आघाडी म्हणजे काँग्रेसच्या बाजूचं. स्कॉटलंडला लावताना हा वास येणारच. लिबडेम-लेबर आणि लिबडेम-टोरी या दोन्हींना मी आघाडी सरकार म्हणेन कारण केंद्रातल्या सरकारांमुळे तो शब्द जरा जास्त मोकळा आहे. ब्यूट हाउसवाल्या प्रकाराला मात्र दोन्ही नको. त्या दोघांनी स्वतः त्याला सहकार्य करार म्हटलं होतं, आणि करारातच विषयांची यादी होती ज्यावर ग्रीन पक्ष उघड वेगळं बोलू शकेल: नेटो, विमानवाहतूक, खासगी शाळा, शिकार, अगदी आर्थिक वाढ मोजायची कशी इथपर्यंत. शिवाय हार्वी आणि स्लेटर कॅबिनेटमधे नव्हते. म्हणजे आपल्या भाषेत राज्यमंत्री. तिथल्या पेपरांनी त्याला सर्रास कोअलिशन म्हटलं ते सोयीसाठी. तेव्हा ‘सहकार्य करार’ आणि ‘सत्तेत सहभागी मित्रपक्ष’.

शेवट कसा झाला तेही लेखात असेल तर क्रियापद परत बदलेल. एप्रिल 2024 मधे सरकारने 2030 चं हवामानाचं उद्दिष्ट सोडून दिलं, ग्रीनचे कार्यकर्ते पेटले, करारात राहायचं का यावर पक्षात मतदान घ्यायचं ठरलं, पण ते होण्याआधीच 25 तारखेला फर्स्ट मिनिस्टर हमझा युसुफ यांनी करार मोडला. स्लेटरबाईंनी त्याला राजकीय भेकडपणा म्हटलं. ग्रीन अविश्वास ठरावाच्या बाजूने जाणार हे दिसल्यावर 29 तारखेला युसुफनी स्वतःच राजीनामा जाहीर केला. इथे ‘पाठिंबा काढून घेतला’ लिहिण्याचा मोह होईल, आपल्या पेपरांची सवय. पण पाठिंबा ग्रीननी काढला नाही, त्यांना बाहेर काढलं गेलं, मग ते उलटले. ‘मित्रपक्षाला बाहेरचा रस्ता दाखवला’ असं लिहा.

राहिलं पक्षाचं नाव. ‘हरित पक्ष’ नको, हरित म्हटलं की हरित क्रांती, म्हणजे युरिया आणि कीटकनाशकं. ग्रीन पार्टीच ठेवा.