खडकाळ वाटेसाठी सायकल लावून घेताना

पावसाळा ओसरू लागला की डोंगरवाटांवर सायकली निघतात आणि पाठोपाठ आमच्याकडे पत्रे येऊ लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : मी दर रविवारी सासवडजवळच्या डोंगरवाटांवर सायकल चालवतो. माझे वजन ७६ किलो असून सायकलची चाके २९ इंची, टायर २.२५ इंची आणि आत ट्यूब आहे. गेल्या दोन महिन्यांत पाच वेळा पंक्चर झाले. हवा कमी असते म्हणून असे होते, असे पंक्चरवाल्यांनी सांगितल्यावर मी ५० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरू लागलो, तर आता सायकल दगडांवरून नुसती उडते. हवा नेमकी किती भरावी?
— एक वाचक, सासवड

उत्तर : आपण पाठवलेल्या ट्यूबच्या छायाचित्रातच निम्मे उत्तर आहे. तिच्यावर चार ठिकाणी एकमेकींना समांतर अशा दोन-दोन बारीक चिरा दिसतात, साप डसल्यावर उमटाव्यात तशा. टायर दगडाच्या धारेवर आदळून पार रिमपर्यंत दबतो, ट्यूब दगड आणि रिम यांच्या कात्रीत सापडते आणि रिमच्या दोन्ही कडांपाशी एकेक चीर पडते. पाचवे भोक मात्र एकटे, गोल आणि टायरच्या माथ्याकडचे आहे; तो बाभळीचा काटा असावा. म्हणजे पंक्चरवाल्यांचे निदान चुकलेले नाही, फक्त त्यांचा उपाय डांबरी रस्त्याचा आहे.

आपल्याकडचा काळा कातळ, म्हणजे बसाल्ट, फुटतो तेव्हा त्याच्या कडा धारदार राहतात, आणि तो झिजून झालेला मुरूम चाकाखाली खड्यांसारखा घरंगळतो. अशा जमिनीवर टायरने दगडाला थोडे कवेत घ्यायला हवे. हवा ५० पीएसआय असली की टायर वाकत नाही, प्रत्येक दगड सायकलीसकट आपल्याला वर उचलतो आणि टायरचा जमिनीशी संबंध तेवढा वेळ तुटतो; ब्रेक आणि वळण या दोन्ही गोष्टी नेमक्या त्याच क्षणी हातातून जातात.

ट्यूब ठेवायचीच असेल, तर आपल्या वजनाला पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयपासून सुरुवात करावी. परंतु खरा मार्ग ट्यूबलेसचा आहे. चिमटीत सापडायला आत ट्यूबच नसल्यामुळे पुढे २३-२४ आणि मागे २६-२७ पीएसआयपर्यंत खाली येता येते, आणि बाभळीचा काटा रुतला तरी आत भरलेले सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, बहुतेक वेळा चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत भोक बुजवते. त्यासाठी रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठीच बनवलेले असावेत. साध्या रिमवर टेप चिकटवून जुगाड करू नये, कारण उतारावर टायर रिममधून सुटला तर त्याची किंमत पंक्चरपेक्षा पुष्कळ जास्त असते. आपल्या मापाच्या टायरला सुमारे १०० मिलिलिटर सीलंट लागते. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकते, म्हणून अधूनमधून चाक काढून कानाजवळ हलवून पाहावे. आत डुचमळण्याचा आवाज आला नाही, तर नवे सीलंट भरावे.

पेट्रोल पंपावर हवा भरणे मात्र सोडून द्यावे. तिथल्या मापकावर दोन पीएसआयचा फरक कळत नाही, आणि खडकाळ वाटेवर सगळा खेळ त्या दोनांचाच असतो. मापक असलेला साधा उभा हातपंप पुरे. पहाटे घरी भरलेली हवा दुपारपर्यंत तशीच राहत नाही, हेही लक्षात घ्यावे. तापमान १० अंशांनी वाढले की ती साधारण सव्वा पीएसआयने चढते.

प्रश्न : माझ्या सायकलीला पुढे १०० मिलिमीटर दबणारा एअर फोर्क (पुढचे चाक धरणारा, हवेच्या दाबावर धक्के झेलणारा दांडा) आहे, मागे सस्पेन्शन नाही. खडकाळ उतारावर मनगटे दुखून येतात. मागेही शॉक असलेली नवी सायकल घ्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नव्या सायकलीचा विचार करण्याआधी आपला फोर्क आपल्या वजनाला लावलेला आहे का, ते तपासावे. दुकानातून सायकल आणल्यापासून त्याच्या हवेला हातही न लावलेले अनेक जण आम्हाला भेटले आहेत, आणि खरे सांगायचे तर पहिली दोन वर्षे आम्हीही त्यांच्यातलेच होतो.

फोर्कच्या चकचकीत नळीवर रबराची एक बारीक कडी असते. नसेल तर सुती दोरा घट्टसर बांधावा. नेहमीची पाठपिशवी आणि पाणी घेऊन, कोणाला तरी सायकल धरायला लावून, उतारावर असतो तसे पॅडलवर उभे राहावे. कडी खाली सारावी आणि हिसका न देता अलगद उतरावे. कडी खालच्या सीलपासून १५ ते २० मिलिमीटर वर सरकलेली असावी. त्याहून कमी सरकली तर हवा जास्त आहे, अधिक सरकली तर कमी. ही हवा शॉकच्या खास पंपानेच भरावी किंवा काढावी. फोर्कमधली जागा इतकी छोटी असते की कॉम्प्रेसरचा एक फवारा सील बिघडवू शकतो.

यानंतर रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग. त्याची चकती बहुधा लाल रंगाची आणि फोर्कच्या पायाशी असते. ती पूर्ण बंद करून खटके मोजत उघडावी, आकडा कागदावर लिहावा आणि एकच उतार दर वेळी दोन खटक्यांच्या फरकाने उतरून पाहावा. फोर्क फार सावकाश परतत असेल, तर एकामागून एक येणाऱ्या दगडांवर तो दर धक्क्याला आणखी खाली बसत जातो आणि शेवटी सगळा मार मनगटांवर येतो. आपल्या पत्रावरून आम्हाला हाच संशय आहे. फार वेगाने परतत असेल, तर हँडल हातात उसळते. चढावर फोर्क लॉक केला असेल, तर माथ्यावर पोचल्यावर तो उघडायला विसरू नये. हसू येईल, पण असे वारंवार घडते.

एवढे करून, पुढे २.४ इंची टायर बसत असेल तर तो लावून आणि उतारावर सीट चार-पाच सेंटिमीटर खाली घेऊनही मनगटे दुखत असतील, तर नवी सायकल अवश्य पाहावी. त्याआधी नव्हे.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची असून तिचे वजन ४१ किलो आहे. जोतिबाच्या डोंगराकडच्या कच्च्या वाटांवर ती मामाबरोबर सायकल चालवते. तासाभरात हात बधिर झाल्याचे ती सांगते. दुकानदार म्हणतात, सायकल ठीक आहे. सध्या ती स्कूटरचे हेल्मेट घालते, ते चालेल का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुलीचे ऐकावे. तिच्या सायकलीला स्प्रिंगचा फोर्क असेल, तर ती स्प्रिंग बहुधा मोठ्या माणसाच्या वजनाची आहे आणि ४१ किलोंना ती दबतच नसावी. वरची चकती फिरवून फारसा फरक पडत नाही. मिळत असेल तर हलकी स्प्रिंग बसवून घ्यावी. तोवर टायरची हवा पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयवर आणावी, ट्यूब असली तरी तिच्या वजनाला ती पुरते. मोठ्यांच्या टायरमधली हवा आहे तशी मुलांच्या टायरमध्ये भरणे, ही आपल्याकडे सर्रास होणारी चूक आहे.

दुसरी गोष्ट ब्रेकच्या लिव्हरची. बऱ्याच लिव्हरना एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. तिची तर्जनी सहज पोचेल इतकी लिव्हर जवळ घ्यावी. बोटे ताणून ब्रेक धरावा लागला की हात आधी दुखतो आणि मग बधिर होतो.

स्कूटरचे हेल्मेट चालणार नाही. त्यावरचे आयएस ४१५१ हे मानक मोटारवाहनांसाठी आहे. ते जड असते, वारा आत येत नाही आणि कान झाकतात. ईएन १०७८ अशी खूण असलेले, डोक्याची मागची बाजू नीट झाकणारे सायकलचे हेल्मेट घ्यावे आणि ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसवावे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट, वरून तडा दिसत नसला तरी, बदलावे, कारण आतला थर्माकोल दबलेला असतो.

प्रश्न : पाचगणीहून वाईकडे पायवाटेने उतरताना निम्म्या वाटेवर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक किंचाळू लागतात आणि लिव्हर हँडलला टेकते. दोन्ही डिस्क १६० मिलिमीटरच्या आहेत.
— एक वाचक, वाई

उत्तर : हा पाचशे मीटरांहून अधिक उंचीचा उतार आहे, आणि आपण बहुधा तो ब्रेक हलके दाबून ठेवत उतरता. त्यामुळे डिस्कला थंड व्हायला सवडच मिळत नाही. थोडे मोकळे सोडावे, वळणाआधी जोरात पण थोडाच वेळ दाबावे आणि पुन्हा सोडावे. फोर्क बनवणाऱ्यांनी मुभा दिली असेल, तर पुढे १८० मिलिमीटरची डिस्क योग्य अडॅप्टरसह बसवावी. डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या रेझिनच्या पॅडऐवजी धातूमिश्रित पॅड लावल्यास ते उष्णता आणि चिखल अधिक सोसतात, मात्र आवाज थोडा वाढतो. नवे पॅड लावल्यावर सपाट रस्त्यावर वीस-एक वेळा वेग घेऊन, चाक न अडवता, ब्रेक लावून ते बसवून घ्यावेत.

लिव्हर हँडलला टेकते, याचा अर्थ तेल तापून बिघडले आहे किंवा आत हवा शिरली आहे. तेल बदलून घेताना आपल्या ब्रेकवर कोणते तेल लिहिले आहे, ते स्वतः वाचून दुकानदाराला सांगावे. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट तेल (मोटारींच्या ब्रेकमध्ये असते तसले) गेले, तर आतले रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतो. किंचाळण्याचे कारण कदाचित चेनवर मारलेल्या स्प्रेमध्येही असेल. त्याचा तुषार डिस्कवर उडाला असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती पुसावी आणि त्यानंतर तिला बोट लावू नये.

सायकल गाडीत घालून नेताना चाक काढाल, तेव्हा पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा जाड तुकडा अडकवावा. प्रवासात लिव्हर एकदा जरी दाबली गेली तरी पॅड एकमेकांना चिकटतात आणि पाचगणीला पोचल्यावर चाक आत जात नाही.