माळावरचं गवत जून झालं की त्यातली सगळीच खनिजं कमी होतात का?

सगळी नाही. काही उतरतात, काही उलट साठत जातात.

नत्र, फॉस्फरस, पालाश (पोटॅशियम) आणि बऱ्याच अंशी मॅग्नेशियम गवताला एका पानातून दुसरीकडे हलवता येतं. पान निबर व्हायला लागलं की ती खनिजं कोवळ्या पानांकडे, तुऱ्याकडे आणि मुळांकडे जातात. कॅल्शियम तसं फिरत नाही. ते पाण्याबरोबर वर चढतं आणि पानातच राहतं. त्यामुळे एकाच फुटव्यावर खालच्या पानात वरच्यापेक्षा जास्त कॅल्शियम मिळतं. सिलिकाही असंच साठतं, आणि त्यानं गवत चरबरीत होतं. त्यात वाढत्या वयाबरोबर काडीचं प्रमाण वाढतं, म्हणून पूर्ण कापणीत बाकीची खनिजं आणखी विरळ होतात.

खरी चिंता फॉस्फरसची. कोवळ्या गवतात तो कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्याच्या आसपास असू शकतो, उभ्या वाळलेल्या गवतात ०.१ टक्का किंवा त्याहूनही कमी. दुभत्या गाईला ०.३ च्या जवळपास लागतो. सोलापूरकडच्या चुनखडीच्या, मुरमाड माळांवर कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस मुळात कमी, त्यामुळे दिवाळीनंतर ही तफावत वाढते. जनावर माजावर उशिरा येतं, माती चाटतं, हाडं चघळतं. मेलेल्या जनावराचं हाड चघळण्यातून बोट्युलिझमची विषबाधा होते, म्हणून माळावरची हाडं आधी उचला.

मारवेल, अंजन ही गवतं फुलोऱ्यात येताच कापा. कुसळी गवत कुसळं धरायच्या आधीच. अडचण ही, की तेव्हा इथे सप्टेंबरचा पाऊस असतो, आणि कापलेलं गवत भिजलं तर पालाश धुऊन जातो. दोन-तीन दिवस उघडीप दिसली तरच कापा.

उन्हाळ्यात वाळलेल्या वैरणीबरोबर गव्हाचा कोंडा द्या, त्यात फॉस्फरस चांगला असतो. मोठ्या गाईला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या. गाईंचं मिश्रण मेंढ्यांना मात्र घालू नका; त्यातलं तांबं त्यांना बाधतं.

पानं तपासायला पाठवायची असतील तर एकाच वयाची घ्या. धूळ झटकून पटकन विसळा, कारण धुळीनं लोह खोटं जास्त दिसतं आणि भिजत ठेवलं तर पालाश कमी दिसतो. पाणी निथळलं की कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये पानं कुजतात.