एकाच परिसरातला बर्फ, बेरजा वेगवेगळ्या

या वेळच्या पत्रांत हंगामभराच्या बर्फवृष्टीची बेरीज आणि तिचा नकाशा यांबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. त्यांतले पाच इथे घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या परिसरात दहा जण बर्फ मोजतात. चार किलोमीटर अंतरावरच्या दोघांच्या हंगामाच्या बेरजेत 60 सेंमीचा फरक आला. नकाशावर तो तसाच दाखवायचा का?

फरक खरा असू शकतो. नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडे तीन दिवसांत काही ठिकाणी दीड मीटरहून जास्त बर्फ पडला आणि तिथून थोड्याच किलोमीटरवर, उत्तरेला, मोजके सेंटिमीटर. ईरी सरोवराच्या कोमट पाण्यावरून उठलेला ढगांचा अरुंद पट्टा एकाच जागी ठाण मांडून बसला होता. पण आभाळाकडे बोट दाखवण्याआधी दोघांच्या मोजण्याच्या सवयी पाहा. आमच्या मते बहुतेक वेळा भानगड तिथेच सापडते.

पहिली सवय म्हणजे फळी, म्हणजे ताजा बर्फ साठवून मोजण्यासाठी उघड्यावर ठेवलेला सपाट तुकडा, दिवसातून किती वेळा पुसतात. ताजा बर्फ पडल्या क्षणापासून स्वतःच्या वजनाने दबत जातो. दर तासाला मोजून फळी साफ करणाऱ्याला प्रत्येक वेळी न दबलेला, फुललेला बर्फ मिळतो. चोवीस तासांनी एकदाच मोजणाऱ्याला दबलेला मिळतो. आभाळातून पडलं तेवढंच, पण पहिल्याची बेरीज फुगते. न्यूयॉर्क राज्यातल्या माँटेग्यू इथे 11-12 जानेवारी 1997 ला 24 तासांत 77 इंच, म्हणजे सुमारे 196 सेंमी बर्फ नोंदला गेला. तो विक्रम म्हणून मान्य झाला नाही, कारण तिथल्या नियमानुसार दर सहा तासांनी, दिवसाला जास्तीत जास्त चार वेळा मोजायला हवं होतं आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळा मोजलं गेलं होतं. तुमच्या गटाने एकच नियम ठरवावा: रोज सकाळी 7 वाजता, एकदाच. दुपारी पडून संध्याकाळपर्यंत वितळणारा बर्फ असेल, तर वितळायला लागण्याआधी फळीवर जास्तीत जास्त किती साठला होता तो आकडा धरावा, मात्र तेव्हा फळी पुसू नये.

दुसरी गोष्ट फळीची. 40 बाय 40 सेंमीचा, साधारण 12 मिमी जाडीचा प्लायवूडचा तुकडा पुरतो. त्याला पांढराच रंग द्या. गडद फळी ऊन शोषते आणि पातळ थर खालून वितळून जातो. गवतावर थेट मोजू नका, कारण पाती बर्फाला उचलून धरतात आणि खालची पोकळीही पट्टीत मोजली जाते. मोजून झाल्यावर फळी पुसून साठलेल्या बर्फाच्या पृष्ठभागावर सपाट ठेवा आणि शेजारी काठी रोवा, नाहीतर रात्रीच्या बर्फात ती हरवते. भिंत, झाड, कुंपण यांच्याजवळ वारा बर्फ ढकलून ढीग करतो किंवा जागा खरवडून नेतो. वारा जोरात असेल तर फळीबरोबर आसपासच्या आणखी चार-पाच ठिकाणी नवा थर मोजून सरासरी घ्या.

आणि पट्टीचं टोक नीट पाहा. शाळेतल्या साध्या पट्टीत शून्याची रेघ टोकापासून दोन-तीन मिमी आत असते. फळीवर टेकवल्यावर प्रत्येक वाचन तेवढं कमी येतं. 2.5 मिमीची चूक 40 दिवस झाली की हंगामाच्या बेरजेतून 10 सेंमी गायब. टोक शून्यापर्यंत कापून घ्या.

प्रश्न: आमच्याकडे बर्फाची जाडी दर तासाला नोंदवणारं ध्वनिलहरींचं यंत्र आहे. जाडीतल्या वाढी जोडत गेलो तर हंगामाची बेरीज मिळेल ना?

मिळेल, पण ती फळीवरच्या बेरजेसारखी नसेल. यंत्राचं वाचन 42, 43, 42, 43, 42 असं हलत राहिलं तर एक कणही न पडता तुमच्या बेरजेत 2 सेंमी जमा होतात. असे तास हंगामात शेकडो असतात. म्हणून ठरावीक मर्यादेपेक्षा, निदान यंत्राच्या थरथरीपेक्षा मोठी वाढच धरा, आणि त्या तासाला खरंच काही पडत होतं का हे पर्जन्यमापकावरून पडताळा. वाऱ्याने वाहून आणलेला बर्फही वाढच दाखवतो.

तापमानाची दुरुस्ती विसरू नका. यंत्र वरून ध्वनी सोडतं आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून बर्फापर्यंतचं अंतर काढतं. ध्वनीचा वेग 0 अंशाला सेकंदाला सुमारे 331 मीटर असतो आणि दर अंशाला 0.6 मीटरने बदलतो. तापमापक उन्हात तापून 10 अंश जास्त दाखवत असेल, तर 2 मीटर अंतराच्या मोजणीत साडेतीन सेंमीहून जास्त चूक शिरते. तापमापकाला सावलीचं, हवा खेळती राहील असं आवरण द्या. नकाशावर अशा केंद्रांना वेगळं चिन्ह द्यावं.

जाडी आणि वृष्टी यांची गल्लत तर करूच नये. जपानमधल्या इबुकी पर्वतावर 14 फेब्रुवारी 1927 ला 1,182 सेंमी नोंदले गेले, ती त्या दिवशी साचून राहिलेली जाडी. अमेरिकेतल्या माउंट बेकर इथले 1998-99 चे 1,140 इंच, म्हणजे सुमारे 2,896 सेंमी, ही हंगामभर पडलेल्या बर्फाची बेरीज. हे दोन आकडे एका रकान्यात बसत नाहीत.

प्रश्न: नोंद राहिलेल्या दिवशी शून्य लिहिलं तर चालेल का?

नाही. शून्य म्हणजे पाहिलं आणि काही पडलं नव्हतं. पडला पण मोजण्याइतका साठला नाही, तर ‘अल्प’ लिहा. दहा ‘अल्प’ मिळूनही बेरीज ‘अल्प’च राहते. पाहिलंच नाही तर रकाना रिकामा. तीन दिवसांनी एकदम मोजलं असेल तर ‘तीन दिवसांचे’ असं लिहा, तीनने भागून वाटून टाकू नका.

रिकामे दिवस थोडे असतील तर शेजारच्या केंद्रावरून भरता येतात. दोघांनी मोजलेल्या दिवसांत तुमची बेरीज 180 आणि शेजाऱ्याची 150 असेल तर गुणोत्तर 1.2. राहिलेल्या दिवशी त्याच्याकडे 15 सेंमी पडला, तर तुमचा अंदाज 18. तो अंदाज म्हणूनच लिहा. मोठ्या वादळाचेच दिवस राहिले असतील तर ते केंद्र त्या वर्षीच्या नकाशातून सरळ गाळा.

प्रश्न: क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणक-प्रणालीत नकाशा केला तर प्रत्येक केंद्राभोवती गोल गोल कडी उमटतात. काय चुकतंय?

तुम्ही आयडीडब्ल्यू, म्हणजे अंतर वाढेल तसं केंद्राच्या आकड्याचं वजन कमी करणारी पद्धत वापरली असणार. तिचा हिशेब असा: एका जागेपासून 2, 4 आणि 8 किमीवर 120, 150 आणि 90 सेंमीची केंद्रं आहेत. वजन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त, म्हणजे 0.25, 0.0625 आणि 0.0156. उत्तर येतं सुमारे 124 सेंमी. जवळच्या केंद्राचा आवाज सगळ्यात मोठा, म्हणून त्याच्याभोवती कडं. या हिशेबात मधला डोंगर कुठेच नाही, आणि खरा दोष तोच आहे. उंचीवर हवा थंड असते, पाऊस बर्फ म्हणून खाली येतो, आणि वाऱ्याकडच्या उतारावर हवा वर चढताना जास्त वृष्टी करते.

आधी सगळ्या केंद्रांच्या बेरजा उंचीसमोर आलेखावर मांडा. समजा, दर 100 मीटरला 14 सेंमी वाढ दिसली. त्या सरळ रेषेने प्रत्येक केंद्राला जेवढा बर्फ मिळायला हवा तो मूळ आकड्यातून वजा करा. उरलेल्या फरकांवरच आयडीडब्ल्यू चालवा. मग उंचीच्या रास्टरवरून, म्हणजे प्रत्येक छोट्या चौकटीत उंचीचा आकडा असलेल्या नकाशावरून काढलेली रेषेची किंमत प्रत्येक चौकटीत परत मिळवा. वाऱ्याकडची आणि आडोशाची बाजू यांची रेषा वेगळी निघत असेल तर दोन्ही बाजू स्वतंत्र हाताळा. सर्वात उंच केंद्राच्या वर ही रेषा ताणू नका. तो भाग नकाशावर कोरा ठेवणं जास्त प्रामाणिक.

पडताळणीसाठी एकेक केंद्र बाजूला काढून बाकीच्यांवरून त्याचा अंदाज करा. सरासरी चूक 20 सेंमी निघाली तर 5 सेंमीच्या रंगपट्ट्या काढण्यात अर्थ नाही, 25 किंवा 50 च्या काढा. केंद्रांचे ठिपके आणि आकडे नकाशावर छापा, म्हणजे कुठे मोजलंय आणि कुठे अंदाज आहे ते वाचणाऱ्याला कळेल.

प्रश्न: यंदाचा हंगाम मागच्या वर्षांशी ताडताना टक्केवारी वापरावी का?

जिथे सरासरी भरपूर आहे तिथे वापरा. सरासरी 5 सेंमी असलेल्या जागी 15 पडला की नकाशा 300 टक्के दाखवतो आणि डोळा तिकडेच जातो. तिथे सेंटिमीटरमधला फरक द्यावा. सरासरी 30 वर्षांची घ्या, सध्या 1991 ते 2020, आणि सगळ्या केंद्रांसाठी तीच. उत्तर गोलार्धात हंगाम 1 जुलै ते 30 जून धरा, म्हणजे हिवाळा मधोमध तुटत नाही.

जमलं तर बर्फ वितळून किती पाणी होईल याचाही रकाना ठेवा. 10 सेंमी व्यासाचं नळकांडं फळीवरच्या बर्फात सरळ दाबा, खालून पातळ पत्रा सरकवून उचला आणि आतला बर्फ तोला. तोंडाचं क्षेत्रफळ 78.5 चौ. सेंमी. बर्फ 157 ग्रॅम भरला तर 157 भागिले 78.5, म्हणजे 2 सेंमी, अर्थात 20 मिमी पाणी. थर 18 सेंमीचा असेल तर एका सेंटिमीटर पाण्यामागे 9 सेंमी बर्फ. दोन शेजारी केंद्रांची पाण्याची बेरीज जुळते आणि बर्फाची जुळत नाही, असं दिसलं तर फळी पुसण्याच्या वेळा पुन्हा विचारा.